चेन नसलेला समुद्रराक्षस

समुद्रातला राक्षस कसा असावा आणि कसा नसावा, या विषयावर अधिकारवाणीने बोलू शकेल असा मनुष्य आमच्या संपूर्ण शहरात एकच आहे, आणि तो म्हणजे मी! हे विधान गर्विष्ठपणाचे वाटेल; परंतु ते गर्वातून आलेले नसून अनुभवातून आलेले आहे. माझे शालेय शिक्षण सातव्या इयत्तेच्या उंबरठ्यावर थांबले. त्यानंतर सत्तावीस वर्षे मी दिवसा सोफ्यांना खोळी शिवल्या आणि संध्याकाळी राक्षस पाहिले. खेकडे पाहिले, देवमासे पाहिले, दोन तोंडांची कासवे पाहिली. एकदा तर आख्खे बेट गिळणारा शिंपला पाहिला, जो नीट निरखल्यावर साबणाची डबी निघाला.

वाचकहो, मी बोलतो आहे ते अल्प खर्चात तयार होणाऱ्या चित्रपटांविषयी. अफाट खर्चाचे चित्रपटही मी पाहिले आहेत. त्यांतला राक्षस इतका खरा असतो की त्याची काळजीच वाटत नाही. स्वस्तातल्या राक्षसाचे तसे नसते. तो पाण्यातून वर येऊ लागला की आपण श्वास रोखून धरतो, कारण त्याचा एखादा अवयव गळून पडेल की काय, अशी धास्ती असते. त्या चित्रपटांचे दोष मला तोंडपाठ आहेत. जहाज बुडते तेव्हा उडणारा पाण्याचा थेंब जहाजाच्या भोंग्याएवढा असतो. अष्टपादाला एका दृश्यात सहा भुजा असतात आणि पुढच्या दृश्यात नऊ. शास्त्रज्ञ सगळ्यांना बजावत असतो, अधिकारी ऐकत नसतात, आणि राक्षसाविषयी तासभर नुसती चर्चा चालते, जणू काही तो घरी जेवायला येणार आहे.

परंतु या सर्व दोषांचा शिरोमणी एकच, तो म्हणजे चेन! राक्षस पाठमोरा झाला की मानेपासून कमरेपर्यंत पितळी चेन चमकते आणि प्रेक्षक खो-खो हसतात. आम्ही कारागीरसुद्धा गादीला चेन लावतो, कारण आतला फोम कधी ना कधी बाहेर काढावा लागतो. पण आम्ही ती भिंतीकडच्या बाजूला लपवतो. भर समुद्रात राक्षसाला भिंत कुठली?

तरीही हे चित्रपट मी का पाहतो, असे मला अनेकांनी विचारले आहे. उत्तर सोपे आहे. त्या राक्षसाकडे पाहिले की मला त्याची शिलाई दिसते. कुठेतरी कोणीतरी दिवसेंदिवस खपून हे धूड उभे केले आहे, आणि याला पाहून लोक भिऊन जातील अशी त्याला मनापासून खात्री होती. लोक भ्याले नाहीत. तरी पुढच्या वर्षी त्याने दुसरे धूड उभे केले. असल्या आशेपुढे मी नतमस्तक होतो. माझ्या पत्नीचे मत वेगळे आहे. तिच्या मते मला रबर आणि पराक्रम यांतला फरक कळत नाही.

आता मूळ कथेकडे वळतो. माझ्या पत्नीला एक धाकटा भाऊ आहे. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. तेव्हापासून तिनेच त्याला वाढवले. आमच्या शेजारच्याच गल्लीत त्याचा फोटो काढण्याचा छोटासा स्टुडिओ आहे. दिवसभर ‘हनुवटी खाली, डोळे उघडे’ असे म्हणत तो लोकांचे ओळखपत्रांसाठी फोटो काढतो. गल्लीत त्याला सगळे ‘कॅमेरा’ म्हणतात. तीन वर्षांपासून हा कॅमेरा एक चित्रपट तयार करत होता, आणि तो चित्रपट, माझ्या संगतीचाच परिणाम म्हणा, समुद्रराक्षसाचा होता! राक्षस सोडून सगळा चित्रपट पूर्ण झाला होता. कप्तान तयार होता, जहाज तयार होते, तासभराची चर्चाही तयार होती. ज्याच्याविषयी ती चर्चा, तेवढा मात्र नव्हता.

अशातच त्याच्या मामांचे पत्र आले. मामांच्या शहरात, त्यांच्याच कचेरीत, कारकुनाची जागा रिकामी झाली होती. होकार सहा आठवड्यांनंतरच्या मंगळवारी दुपारपर्यंत कळवायचा होता. ते शहर इथून रेल्वेने दीड दिवसाच्या अंतरावर. कॅमेरा बहिणीला म्हणाला की त्याच्या आदल्या दिवशी, सोमवारी, राक्षसाचे दृश्य पार पडले तर मी चित्रपट पुरा करीन आणि इथेच राहीन. नाहीतर कॅमेरा विकून नोकरी धरीन. सोमवारच का, तर शहराचा पोहण्याचा तलाव सोमवारी बंद असतो आणि त्या संध्याकाळी तो दुरुस्तीसाठी पाच महिने रिकामा केला जाणार होता. दुसरे पाणी आमच्या शहरात बादलीतच मिळते.

 पत्नीने त्याचे कचेरीत घालायचे दोन शर्ट इस्त्री करून ट्रंकेवर ठेवले, आणि मग दिवसभर त्या ट्रंकेकडे पाठ करून बसली. ते मला पाहवेना. मी घोषणा केली, की राक्षस मी शिवणार, आणि असा शिवणार की चित्रपटांच्या इतिहासात पहिल्यांदाच राक्षसाला चेन नसेल. 

“अहो,” ती म्हणाली, “माझा भाऊ इथे राहतो की जातो, ते तुमच्या त्या राक्षसावर ठरणार आहे. नीट शिवा.”

हाताशी सहा आठवडे होते. एका वकिलांचा सोफा स्प्रिंगा बाहेर काढलेल्या अवस्थेत तसाच ठेवून मी अष्टपादाला हात घातला. डोके सात फूट उंच. भुजा आठ, प्रत्येकी बारा फूट, मोजून घ्याव्यात. वरून गडद हिरवे रेक्झिन, आत उत्तम प्रतीचा फोम, कडांना पायपिंगची गोल पट्टी. डोळ्यांच्या जागी जुन्या स्कूटरच्या दिव्यांच्या काचा. भुजांवरच्या चोषकांसाठी तर मला अशी युक्ती सुचली की माझेच मला कौतुक वाटले! महागड्या सोफ्याच्या पाठीला आम्ही खोल बटणे ओढून खळगे पाडतो, तशी दोनशे बारा बटणे मी भुजांच्या आतल्या बाजूंनी ओढली. पाहणाऱ्याला वाटावे, हा आता चिकटणार. शेवटी पाठीची फट मी मेणाच्या दोऱ्याने, टाका दिसणार नाही अशा पद्धतीने, कायमची शिवून टाकली. कॅमेराने सहज विचारले की आतला फोम कधी काढायची वेळ आली तर काय करायचे. मी स्मित केले. फोम काढण्याची वेळ सोफ्यावर येते, राक्षसावर नाही, असे मी त्याला समजावून सांगितले. हे वाक्य मला पुढे फार महागात पडले, म्हणून ते जसेच्या तसे नोंदवले आहे.

सोमवार उजाडला. राक्षस दुकानाच्या दारातून बाहेर निघेना, कारण दार साडेतीन फुटांचे आणि डोके सात फुटांचे. दुसरा कारागीर अशा वेळी हाय खातो. परंतु फोम दाबला जातो, हे मी जाणून होतो. मी आतून ढकलले, कॅमेराने बाहेरून ओढले, आणि नळीतून मलम यावे तसा राक्षस हळूहळू रस्त्यावर आला. मग हातगाडीवरून त्याची यात्रा निघाली. आठही भुजा दोन्ही बाजूंना लोंबत होत्या. वाटेत एका आजोबांनी गाडी थांबवली, एक भुजा दाबून पाहिली आणि अत्यंत गांभीर्याने विचारले, “यावर तीन माणसं बसतील का?”

मी गाडी पुढे ढकलली. पण मनात पहिली शंका तेव्हाच डोकावली.

तलावावर दोन माणसे आमची वाट पाहत होती. एक होते तलावाचे व्यवस्थापक. शास्त्रज्ञाची भूमिका मिळेल या एकाच अटीवर त्यांनी तलाव दिला होता, त्यामुळे ते पोहण्याच्या अर्ध्या चड्डीवर डॉक्टरचा पांढरा कोट घालून उभे होते. दुसरा होता आमचा नायक. हा कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाचा मालक, सडपातळ, देखणा, कुरळ्या केसांचा. चित्रपटात तो नौदलाचा कप्तान होता, आणि तासभराच्या चर्चेत तो फारच उठून दिसला होता.

दृश्य असे ठरले होते: राक्षस खोल पाण्यातून वर येतो, कप्तानाला भुजांत आवळतो, कप्तान किंकाळी फोडतो, काठावरून शास्त्रज्ञ ओरडून त्याला राक्षसाचे मर्मस्थान सांगतो, कप्तान तिथे वार करतो, राक्षस मरतो.

आम्ही राक्षसाला पाण्यात सोडले. तो तरंगला. तो इतका सुरेख तरंगला की मला आनंदाश्रू यायचे बाकी राहिले. पण कॅमेराचे तोंड उतरले.

“भाऊजी,” तो म्हणाला, “हा पाण्यातून वर यायला हवा. त्यासाठी आधी बुडायला नको का?”

हा मुद्दा माझ्या ध्यानातून निसटला होता, हे मी मान्य करतो. आम्ही काठ्यांनी दाबून पाहिले, दगड बांधून पाहिले. राक्षस ढिम्म हलेना. पंचतारांकित हॉटेलातल्या गादीसारखा तो पाण्यावर पसरला होता. शेवटी कॅमेराने ठरवले, की वर येणे राहू द्या, निदान आवळणे तरी चित्रित करू. नायकाला राक्षसाच्या मिठीत झोपवले, चार भुजा त्याच्या अंगावर टाकल्या आणि त्याला किंकाळी फोडायला सांगितले.

नायकाने तोंड उघडले. त्यातून जांभई आली.

त्यात त्याचा दोष नव्हता. जो मनुष्य रोज बारा तास काउंटरमागे उभा असतो, त्याला आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी उत्तम प्रतीच्या फोमवर आडवे केले होते. शिवाय तो तरंगत होता, ते वेगळेच. दुसऱ्या प्रयत्नात त्याच्या चेहऱ्यावर भीतीऐवजी कृतज्ञता दिसली. तिसऱ्या प्रयत्नात तो घोरू लागला. कॅमेरा काठावरून सांगत होता की तुझा मृत्यू जवळ आला आहे, आणि नायक झोपेतच समाधानाने मान हलवत होता. व्यवस्थापकांनी उत्सुकतेपोटी एका भुजेवर बसून पाहिले आणि असला सोफा आपल्या कचेरीत हवा असे मत नोंदवले. मी सत्तावीस वर्षे ज्या एका गोष्टीसाठी झटलो, की माझ्या कामावर बसलेला मनुष्य उठू नये, ती गोष्ट त्या दिवशी पूर्णत्वाला गेली, आणि मला कुठे तोंड लपवावे ते कळेना!

दुपारी पत्नी आम्हा सर्वांसाठी डबा घेऊन आली. तिने तलावाकडे पाहिले, झोपलेल्या कप्तानाकडे पाहिले, कपाळाला हात लावून बसलेल्या भावाकडे पाहिले. माझ्याकडे मात्र पाहिले नाही.  नायकाला झोपेतून उठवण्याचे कोणाच्या मनात आले नाही.

आणि इथे, वाचकहो, माझ्या दोनशे बारा बटणांनी आपले खरे काम सुरू केले होते.

प्रत्येक बटण ओढायला रेक्झिनला दोन भोके पाडावी लागतात. म्हणजे भोके चारशे चोवीस. त्या भोकांतून पाणी सकाळपासून आत शिरत होते, आणि फोम ते आवडीने पीत होता. मी जेवून पाणी प्यायला उठलो तेव्हा राक्षस थोडा खाली गेल्यासारखा वाटला. हात धुऊन परत आलो तेव्हा नायकाचे कान पाण्यात होते. मी ओरडायच्या आतच राक्षसाने एक मोठा, तृप्त असा बुडबुडा सोडला आणि तो आपल्या कप्तानासकट शांतपणे तळाला गेला.

तेव्हा नायकाने जी किंकाळी फोडली, तशी किंकाळी मी तीनशे चित्रपटांतही ऐकलेली नाही. दुर्दैवाने कॅमेरा त्या क्षणी डब्याचे झाकण लावत होता. नायक पोहून बाहेर आला, कपडे बदलून उभा राहिला, आणि आपल्या कलाजीवनाचा शेवट झाला असून औषधाचे दुकान उघडायची वेळ झाली आहे, असे जाहीर करून निघून गेला. त्याला थांबवायला कोणी धजले नाही.

आता नायक नाही, राक्षस आठ फूट पाण्याखाली, आणि तिसरा प्रहर झालेला. आम्ही दोराने ओढून पाहिले. पाणी प्यायलेला फोम म्हणजे काय चीज असते ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. एखादे सरकारी गोदाम दोर बांधून ओढावे तसे वाटत होते. चेन असती तर कोणी तरी बुडी मारून ती उघडली असती आणि फोम तुकड्यातुकड्याने बाहेर आला असता. मी ही गोष्ट बोलून दाखवली नाही. दुसऱ्या कोणीही दाखवली नाही. पण सगळे माझ्याकडे एकदम बघू लागले.

कॅमेरा काठावर पाय सोडून बसला. तो म्हणाला, “जाऊ द्या भाऊजी. तुम्ही फार केलंत. उद्या मामांना हो म्हणून कळवतो.” आणि मग, जणू माझेच समाधान करायचे असावे तसा, शिलाई मात्र अप्रतिम आहे असे म्हणाला.

या एका वाक्याने मला जितके दुःख झाले, तितके चेनकडे बघून हसणाऱ्या तीन हजार प्रेक्षकांनीही झाले नसते.

व्यवस्थापकांना वेगळी चिंता होती. तलाव तसाही संध्याकाळपर्यंत रिकामा व्हायलाच हवा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दुरुस्तीची माणसे येणार होती. त्यांनी पाणी सोडण्याची झडप उघडली. पाणी उतरू लागले. आणि मग असे काही घडले, की कॅमेरा बसल्या जागेवरून ताडकन उठला.

पाणी खाली चालले होते, तसतसे राक्षसाचे डोके वर येत होते. सावकाश, काळवंडलेले, निथळत. आधी मस्तक, मग स्कूटरच्या काचांचे दोन डोळे, त्यांतून ओघळणारे पाणी. दिवसभराच्या पाण्याने त्याची पाठ वाकली होती आणि भुजा जड होऊन खांद्यांपासून लोंबत होत्या. सकाळी तो सोफा होता. आता त्याच्याकडे पाहून माझ्या अंगावर काटा आला. कॅमेरा डोळ्याला यंत्र लावून हळूहळू सरकत होता, आणि मागे न बघता हाताने मला गप्प राहायची खूण करत होता. पत्नी उभी राहिली. मी स्वतः शिवलेल्या गोष्टीला भ्यालो, हे मी कोणासमोरही कबूल करीन.

पाणी छातीएवढे उरले आणि घरघर असा आवाज होऊन थांबले. राक्षसाची एक भुजा झडपेच्या जाळीवर ओढली जाऊन घट्ट बसली होती. व्यवस्थापकांचा चेहरा कोटापेक्षा पांढरा झाला. ती भुजा कापल्याशिवाय तलाव रिकामा होणार नाही, असे ते म्हणाले, आणि ती कुठून कापायची हे ज्याला ठाऊक आहे त्यानेच उतरावे, असेही म्हणाले.

मी कात्री घेतली आणि शिडीवरून उतरलो. इथे एक गोष्ट सांगणे भाग आहे. समुद्रराक्षसांविषयीचे माझे सर्व ज्ञान कोरडे होते. मला पोहता येत नाही.

पाणी थंड होते. मी राक्षसापर्यंत पोहोचलो, जाळीवरची भुजा पकडली आणि शिवण शोधू लागलो. ती सापडेना. टाका दिसणार नाही अशी शिवण मीच घातली होती आणि ती खरोखरच दिसत नव्हती! म्हणून मी वरच्या बाजूने शोधावे या हेतूने त्याच्या खांद्यावर चढलो, सगळा भार दिला, आणि दाबल्या गेलेल्या फोमने दिवसभर प्यालेले पाणी एकदम परत केले. आठही भुजांवरच्या चोषकांतून शंभर कारंजी उडाली. एक माझ्या नाकात शिरले. मी घसरलो. खांदा हलला तशी वरची भुजा उचलली गेली आणि ओल्या गोणपाटाच्या थप्पीसारखी माझ्या मानेवर आदळली. मी पाण्याखाली गेलो, वर आलो, दुसरी भुजा पकडली. ती माझ्याभोवती वळली. पुन्हा खाली गेलो. वर आलो तेव्हा मी सर्व शक्तीनिशी ओरडलो,

“मला पोहता येत नाही!”

काठावरून व्यवस्थापक, पांढरा कोट फडकावत, तितक्याच जोराने ओरडले,

“उभे राहा! पाणी छातीएवढंच आहे!”

ही सूचना योग्य होती. परंतु ज्याच्या गळ्यात बारा फुटांची भुजा आहे त्याला ती अमलात आणणे कठीण असते. मी कात्री कुठे सोडली ते मला आठवत नाही. मला एवढेच आठवते की डोळ्यांसमोर हिरवे रेक्झिन होते, कडेला माझेच पायपिंग होते, आणि ते अगदी सरळ आले आहे असा विचार माझ्या मनात येऊन गेला.

मग धप्प असा आवाज झाला. माझी पत्नी पाण्यात उतरली होती. तिने तळातून कात्री उचलली, राक्षसाच्या मागे गेली, दोन बोटांनी पाठ चाचपली. सहा आठवडे संध्याकाळी सुयांत मेणाचा दोरा ओवून देत माझ्या शेजारी तीच बसली होती. शिवण कुठे सुरू झाली आणि कुठे संपली हे जगात दोघांनाच ठाऊक होते आणि त्यांतला एक बुडत होता. तिने कात्री आत खुपसली आणि खांद्यापासून टोकापर्यंत टर्रर्र करून नेली. शिवण उलगडली. फोमच्या लाद्या एकामागून एक बाहेर आल्या, डोके मऊ पडत पडत वाकले, भुजा जाळीवरून सुटली, आणि पाणी घोंघावत निघून गेले. मी तळावर बसलेला उरलो. पाणी आता गुडघ्याएवढेही नव्हते.

ती मरून पडलेल्या राक्षसाशेजारी कात्री हातात धरून उभी होती. केसांतून पाणी गळत होते. ती म्हणाली, “अहो, उठा. तुमची शिलाई आपोआप उसवायची वाट बघितली असती, तर माझा भाऊ तिकडे म्हातारा झाला असता.”

तेव्हा कुठे मी वर पाहिले. काठावर कॅमेरा पोटावर पालथा पडला होता, यंत्र डोळ्याला तसेच. त्याने अजून ते खाली ठेवले नव्हते. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होते आणि ते तलावाचे नव्हते.

“ताई,” तो म्हणाला, “सगळं मिळालं.”

मंगळवारी सकाळी त्याने मामांना नकार कळवला. पत्नीने ते दोन शर्ट ट्रंकेवरून उचलले, कपाटात ठेवले, आणि मग ती दुपारभर कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने गुणगुणत होती.

चित्रपट पुरा व्हायला आणखी दोन महिने गेले. मी कॅमेराला कळकळीने सांगितले की हे असे चालणार नाही. पाण्यात उडी मारतो तो कुरळ्या केसांचा सडपातळ कप्तान, आणि वर येतो तो मी, म्हणजे टक्कल पडलेला, पोट सुटलेला, दाढीचे खुंट वाढलेला सोफेवाला. नौदलाचा अधिकारी भर समुद्रात ‘मला पोहता येत नाही’ म्हणून ओरडतो. शास्त्रज्ञ अर्ध्या चड्डीवर येऊन समुद्राचे पाणी छातीएवढेच असल्याचे सांगतो. आणि चित्रपटात आधी एकदाही न दिसलेली एक स्त्री शिवणकामाच्या कात्रीने राक्षस फाडते आणि कप्तानाला ‘अहो’ म्हणते. असल्या चुकांवर मी सत्तावीस वर्षे हसत आलो आहे, असे मी त्याला बजावले. तो म्हणाला की फक्त एक वाक्य वाढवतो. त्याप्रमाणे आरंभीच्या चर्चेत शास्त्रज्ञ कप्तानाला विचारतो, “घरी सगळे ठीक?” आणि कप्तान उत्तर देतो, “पत्नी असते.” एवढ्यावर त्याने सगळे निभावून नेले.

पहिला खेळ तलावातच झाला. तलाव अजून दुरुस्तीत होता, त्यामुळे उताराच्या बाजूला खुर्च्या मांडल्या आणि खोल बाजूच्या भिंतीवर पांढरी चादर ताणली. संध्याकाळी शंभरेक माणसे त्या कोरड्या तलावात उतरून बसली. पत्नी पहिल्या ओळीत बसली होती, भावाच्या शेजारी. मी मागे, अंधारात, भिंतीला टेकून उभा होतो. लोक हसणार याविषयी मला खात्री होती, आणि लोक हसलेच. तासभराच्या चर्चेत हसले, जहाज दोरीसकट दिसले तेव्हा हसले. मग तो वर येऊ लागला. आधी मस्तक, मग ते दोन डोळे. आणि वाचकहो, त्या तलावात खुर्चीचासुद्धा आवाज येईना. कोणीतरी हळूच म्हणाले, “अरे बापरे.” मी पाठमोऱ्या राक्षसाची वाट पाहत होतो. तो पाठमोरा झाला. कोणी हसले नाही.

पुढे मी ओरडलो आणि व्यवस्थापकांनी उत्तर दिले तेव्हा मात्र हशा असा उसळला, की भिंतीच्या फरशा निखळतील असे वाटले. परंतु तो हसणे आणि जीव मुठीत धरणे यांच्या अधेमधला काहीतरी वेगळाच प्रकार होता. शेजारचे एक गृहस्थ हसता हसता स्वतःच्या खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. आणि कात्री घेतलेली ती स्त्री पाण्यातून उठली तेव्हा सगळा तलाव उभा राहून टाळ्या वाजवू लागला. पत्नी मात्र बसून राहिली. तिने मान खाली घातली होती आणि भावाने तिचा हात धरला होता.

खेळ संपल्यावर लोक माझ्याभोवती जमले. मी छातीत हवा भरून राक्षसाच्या बांधणीविषयी बोलायला सुरुवात केली. त्यांना फक्त एवढेच हवे होते, की मी ते वाक्य पुन्हा एकदा ओरडून दाखवावे. मी ते सात वेळा ओरडून दाखवले.

कॅमेराने त्याच आठवड्यात दुसऱ्या चित्रपटाची जुळवाजुळव सुरू केली. यात प्रचंड आकाराची गोगलगाय आहे; पत्नी त्यात प्रमुख भूमिकेत आहे, आणि बुडताना तिने वाचवावे असा एक मनुष्य लागतो, तो मी. इतकी जबाबदारी अंगावर पडल्यावर माझ्यासारख्या विवेकी माणसाला स्वस्थ बसवेना. मी व्यवस्थापकांकडे जाऊन तलाव सुरू झाल्यावर नवशिक्यांच्या वर्गात नाव घालण्याविषयी बोलणी केली, कमरेला बांधायचा हवेचा पट्टासुद्धा पाहून आलो.

हे कॅमेराला कळले तेव्हा तो तडक दुकानात आला. वकिलांचा सोफा मी नुकताच पुरा करत आणला होता. तो त्यावर बसला, माझे दोन्ही हात हातात घेतले, आणि इतक्या आर्जवाने बोलला की मला वाटले, याला पुन्हा मामांचे पत्र आले.

“भाऊजी, मी तुमच्याकडे आजवर काही मागितलं नाही. एवढं ऐका. पोहायला शिकू नका. असा अभिनय शिकून येत नसतो.”

कलेसाठी मनुष्याला काहीतरी त्यागावेच लागते. मी त्याला तत्काळ शब्द दिला. आणि खरे सांगायचे तर, पाणी किती थंड होते हे आठवल्यावर, तो शब्द पाळायला मला आजपर्यंत मुळीच जड गेलेले नाही.